एक बाई, दोन नावं आणि एल जदीदाचं रहिवासी कार्ड

मोरोक्कोत 90 दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर 'कार्त द सेजूर' काढावं लागतं. रहिवासी कार्ड. बँकेतलं खातं, घरातलं इंटरनेट, सगळं त्या कार्डावर अडतं. कामावर रुजू होताना मला सांगितलं गेलं की फाइल पूर्ण असली की काम सरळ आहे. ते खरंही होतं. पण फाइल पूर्ण कधी होते, हे ज्याच्या टेबलावर ती जाते तो ठरवतो.

मी आले ती जोर्फ लास्फरला. एल जदीदाच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर असलेलं हे बंदर खतांच्या धंद्यातल्या माणसाला नवं नाही. जगातल्या ज्ञात फॉस्फेट साठ्यांपैकी जवळपास 70 टक्के साठा या एका देशात आहे, आणि आपल्याकडे शेतात पडणाऱ्या डीएपी खतामागे बऱ्याचदा इथलाच दगड असतो. खुरिब्गाच्या खाणीतला दगडाचा चुरा पाण्यात कालवून 2014 पासून पाइपलाइनने खाली आणतात. मुख्य पाइप सुमारे 187 किलोमीटरचा आहे. खाण उंचावर, बंदर समुद्रकाठी, त्यामुळे बराचसा प्रवास उतारावरच होतो. माझं काम फॉस्फोरिक ॲसिडचं. राहायला मात्र सगळे एल जदीदातच येतात, कारण जोर्फला कारखान्यांची धुराडी, गंधकाचे पिवळे ढीग आणि वारा यापलीकडे फारसं काही नाही.

नोकरीच्या करारावर मजूर खात्याचा शिक्का, या जागेसाठी स्थानिक माणूस मिळत नसल्याचा दाखला, हे सगळं कंपनीने केलं. पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणि इंजिनिअरिंगची डिग्री मी मुंबईतून अपोस्टिल करून, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का घेऊन, आणली होती. मोरोक्को 2016 पासून अपोस्टिल मानतो, त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्यांची जुनी माळ आता लागत नाही. उरलं होतं घर आणि नाव. मी घराची काळजी करत होते. अडकले नावात.

आधी घराचं सांगते. भाडेकरार नुसता सही करून चालत नाही. घरमालक आणि भाडेकरू, दोघांच्या सह्या नगरपालिकेच्या कचेरीत प्रमाणित व्हाव्या लागतात. माझे घरमालक म्हाताऱ्या वयाचे, मक्केला जाऊन आलेले, म्हणून सगळे त्यांना 'हाज' म्हणतात. ते राहतात शेतावर, हद्द औलाद फ्रेजकडे, तासाभराच्या अंतरावर. त्यांनी निरोप पाठवला, "मुली, गुडघे धरलेत. तूच ये, कागद घेऊन ये आणि जेवायलाच ये."

मग ग्रां टॅक्सीत, म्हणजे गावोगाव जाणाऱ्या शेअर टॅक्सीत, इतरांच्या कोपरांमध्ये बसून मी दुक्काला पाहिला. एल जदीदाच्या पाठीमागचा हा सपाट, काळ्या मातीचा मुलुख. इथल्या गावांची नावं बाजाराच्या वारावरून पडली आहेत: हद्द म्हणजे रविवार, खमीस म्हणजे गुरुवार, सब्त म्हणजे शनिवार. उम्म अर-रबीआ नदीवरच्या अल मसिरा धरणाच्या पाण्यावर या भागात साखरेचं बीट पिकायचं. सलग दुष्काळांनी धरण तळाला गेलं, कालव्यांचं पाणी थांबलं. रस्त्याच्या कडेने सिमेंटचे उंच पाट कोरडे पडलेले दिसले, आणि त्यात पोरं बसून गप्पा मारत होती. हाजनी बीट सोडून दिलं आहे. गहू पाऊस येईल तसा, बाकी मेंढ्या. माझं भाडं त्यांना का महत्त्वाचं, हे मला तिथे कळलं.

गावच्या कचेरीत एक जाडजूड रजिस्टर होतं. हाजनी चष्मा काढला, नाक जवळजवळ पानाला लावलं आणि ओळखपत्रावरच्या सहीशी ताडून पाहत सही केली. कारकुनाने दोन-चार दिरहमांचं तिकीट चिकटवलं, गोल शिक्का मारला, वर आयताकृती शिक्का मारला आणि शिक्क्यावरून जाईल अशी स्वतःची सही ठोकली. माझी सही एल जदीदात होईल म्हणाला, दोघांनी एकाच ठिकाणी केली पाहिजे असं नाही. हे कळल्यावर जेवण फार गोड लागलं. या भागातले क्वासेम लोक पिढ्यान् पिढ्या बहिरी ससाणे पाळतात. हाजच्या शेजाऱ्याने त्याचा ससाणा मला दाखवायला आणला, डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेला. माझ्या फाइलकडे तो बघू शकला नाही, हे बरंच.

शहरात परतल्यावर भेटला मुकद्दम. आपल्याकडच्या कोतवालासारखा, सरकारचा गल्लीतला कान. तुम्ही खरंच त्या पत्त्यावर राहता की नाही, हे तो सांगतो, आणि त्याशिवाय निवासाचा दाखला निघत नाही. तो घरी आलाच नाही. खालच्या किराणा दुकानदाराला विचारून गेला. दुकानदाराने म्हणे साक्ष दिली की ही हिंदी बाई रोज दही नेते, संध्याकाळी सातनंतर कामावरून येते आणि मांस घेत नाही. दाखला मिळाला. पुण्यात सोसायटीच्या सेक्रेटरीकडून एनओसी काढण्यापेक्षा हे सोपं होतं, माझं मत.

आता नाव.

माझ्या पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव आहे. डिग्रीवर माझं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. महाराष्ट्रात हे इतकं नेहमीचं आहे की कुणी डोळा वर करत नाही. मोरोक्कोत बाई जन्मभर वडिलांच्याच घराण्याचं नाव लावते, लग्नाने ते बदलत नाही. परदेशी नागरिकांच्या खिडकीमागचे गृहस्थ अतिशय सभ्य होते. त्यांनी अर्जावरच्या 'वडिलांचं नाव' या रकान्यावर पेन ठेवलं आणि पासपोर्टवरच्या मधल्या नावाकडे बोट दाखवलं.

"हे वडील ना?"

"नाही, ते माझे पती."

"मग वडील?"

"ते डिग्रीवर आहेत."

त्यांनी डिग्री पाहिली, पासपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "मादाम, तुमच्याकडे लग्न झालं की वडील बदलतात?"

मागे रांगेत उभी असलेली सेनेगलची मुलगी हसली. मीही हसले, पण फाइल परत मिळाली. दोन नावांची बाई एकच आहे, याचा कागद आणा.

मी म्हटलं, लग्नाचा दाखला आहे की. अपोस्टिलही केलेला आहे. आणि तिथे खरी गंमत झाली. आपल्या महापालिकेच्या विवाह नोंदणीच्या दाखल्यावर नवरीचं माहेरचं नाव असतं. लग्नानंतर ती काय नाव लावणार, हे त्यावर कुठेच नसतं. म्हणजे दाखल्याने एवढंच सिद्ध होतं की माहेरच्या नावाच्या कुणा बाईचं या माणसाशी लग्न झालं. ती बाई मीच, हे सिद्ध होत नाही! तीस वर्षं ज्या पद्धतीने आपण जगतो तिच्यात एवढं भगदाड असेल असं वाटलं नव्हतं. राजपत्रात नाव बदलाची जाहिरात मी दिली नव्हती, आमच्याकडे फारसं कुणी देत नाही.

खिडकी दुपारी उघडणार होती, शुक्रवार होता, आणि शुक्रवारी नमाज आणि कुसकुस होईपर्यंत काही हलत नाही. मी किल्ल्यात जाऊन बसले. एल जदीदा म्हणजे पोर्तुगीजांचं माझागाँव. 1514 मध्ये गढी, 1541 मध्ये तटबंदी वाढवली, 2004 मध्ये जागतिक वारसा. गढीखालच्या पाण्याच्या टाकीत 25 खांब आहेत आणि छताला एक गोल झरोका. खाली पावसाचं बोटभर पाणी साचलेलं असतं, त्यात तो झरोका जसाच्या तसा दिसतो. वसईच्या किल्ल्यात वाढलेल्या माणसाला तट, बुरूज, चर्च ओळखीचं वाटतं. वसई चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेतली, हा किल्ला सुलतान सिदी मोहम्मद यांनी 1769 मध्ये. पोर्तुगीज जाताना सुरुंग पेरून गेले, आणि गाव पुढे पन्नासेक वर्षं ओसाड पडलं होतं. इथल्या रहिवाशांना लिस्बनला नेलं आणि तिथून ॲमेझॉनच्या तोंडाशी नवं माझागाँव वसवायला पाठवलं. ते गाव ब्राझीलमध्ये अजून आहे. मला मात्र वसईपेक्षा हा किल्ला आवडतो, कारण इथे लोक राहतात. बुरुजाखाली बेकरी आहे आणि तोफेवर गोधडी वाळत असते.

सुटका केली ती शपथबद्ध भाषांतरकार बाईंनी. मोरोक्कोत सरकारी कामाला असा भाषांतरकारच लागतो, तुमचं स्वतःचं फ्रेंच कितीही चांगलं असो. बाईंचं ऑफिस बाजारावरच्या मजल्यावर, खाली मसाल्यांचं दुकान, त्यामुळे माझ्या सगळ्या कागदांना आजही जिऱ्याचा वास येतो. त्यांनी माझी कहाणी ऐकून घेतली, पासपोर्ट उलटा केला आणि शेवटचं पान उघडलं. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचं, आईचं आणि जोडीदाराचं नाव छापलेलं असतं. वडिलांचं पूर्ण नाव, आडनावासकट. तेच डिग्रीवर. जोडीदाराचं नाव, तेच लग्नाच्या दाखल्यावर. आणि सुरुवातीच्या पानावर माझा फोटो.

"खती, हा पूल आहे की इथे," त्या म्हणाल्या. खती म्हणजे बहिणी. "सगळे फक्त फोटोच्या पानाची प्रत काढतात."

त्यांनी शेवटच्या पानाचं फ्रेंच भाषांतर केलं, रबातच्या आपल्या दूतावासातून प्रमाणित करून घेतलेलं माझं प्रतिज्ञापत्र त्याला जोडलं आणि ही दोन पानं फाइलमध्ये सगळ्यात वर लावली. दूतावासासाठी रबातची एक खेप पडली, आगगाडीने, कासाब्लांकाला गाडी बदलून. प्रतिज्ञापत्र एकटं पुरलं असतं का? मला शंका आहे. स्वतःबद्दल स्वतःच घेतलेली शपथ कुठल्याही देशातल्या कारकुनाला फारशी पटत नाही.

त्याच गृहस्थांनी यावेळी पानं ओळीने लावली, पेनाच्या टोकाने वडील, पती, मी असा त्रिकोण हवेत काढला आणि "व्वाला" म्हणाले. डॉक्टरचा दाखला, फोटो, वर्षाला शंभर दिरहमांचं मुद्रांक शुल्क, बोटांचे ठसे. हातात पावती आली. फोटो लावलेली ही पावती कार्ड येईपर्यंत कार्डासारखीच चालते, बँकेनेही ती घेतली. मध्येच रमजान आल्याने कचेऱ्यांचे तास कमी झाले, देशाची घड्याळंही महिनाभर एक तास मागे गेली, आणि कार्ड ईदनंतर आलं. त्यावर पासपोर्टसारखंच नाव आहे, नवरा मध्ये.

कार्ड वर्षाचं आहे. नूतनीकरणाला करार, घर, दाखला पुन्हा लागेल. नावाचा गुंता आता त्यांच्या फाइलमध्ये सुटलेला असल्याने तो पुन्हा निघू नये.

थळहून आमच्याकडे एक जण येते आहे, लग्न झालेली, डिग्री माहेरच्या नावाची. तिला कळवलंय: लग्नाचा दाखला अपोस्टिल कर, शेवटच्या पानाच्या रंगीत प्रती काढ, राजपत्रात नाव देऊन ठेवता आलं तर उत्तमच. लोणचं आण. नवऱ्याला मागाहून आण, तो नुसता पर्यटक म्हणून आला तर त्याला नावाचं कुणी काही विचारत नाही.