वाचनाची गोडी लागली कुठून?

घरात छापील म्हणावं असं एक पंचांगच होतं, मग तुम्हाला वाचनाची गोडी लागली कुठून, असं मला वरचेवर विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो : शाळेतल्या पत्र्याच्या पेटीतून.

माण तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच होती. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर ‘खडू-फळा’ योजना आली आणि प्राथमिक शाळांना नकाशे, तक्ते, खेळांचं साहित्य यांच्याबरोबर थोडी पुस्तकंही मिळाली. आमची पुस्तकं त्या पेटीत असायची. झाकण उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास यायचा.

पुस्तकं डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेली. एखादं हरवलं तर जाब गुरुजींना. त्या धास्तीनं कितीतरी शाळांत ती कुलपातच राहिली. आमच्या गुरुजींनी मात्र पेटीची किल्ली चौथीच्या पोरांकडे सोपवली. शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी पुस्तकं वाटायची आणि देवघेव वहीत सही घ्यायची. माझी आयुष्यातली पहिली सही त्याच वहीतली. “फाटलं तर फाटू दे, पण वाचून फाटू दे,” असं गुरुजी म्हणायचे. एवढा विश्वास टाकणारा माणूस त्या वयात भेटला, याचं मोल मला फार वाटतं.

फाटलेली पुस्तकं आम्हीच सांधायचो. घरून वाटीभर कणीक न्यायची, गुरुजी तिची खळ शिजवायचे. कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद पडायचं. ते विषारी, म्हणून आम्हाला हात लावू देत नसत. कागदाची पट्टी चिकटवायची, वर पाट्यांची चळत ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा पेटीत.

बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. त्याचा अंक माझ्या वाट्याला आला की संध्याकाळी आजी शेंगा फोडत बसायची आणि मी मोठ्यांदा वाचायचो. तिला अक्षरओळख नव्हती, पण गोष्ट कुठं थांबली ते तिच्याच ध्यानात असायचं. “काल त्यो हिरीपाशी गेला हुता, तितनं वाच.” मी पानं उलटत बसायचो, तोवर ती मागची सगळी गोष्ट सांगून मोकळी व्हायची.

आता ओळखीतले लोक गावच्या शाळेला पुस्तकं भेट देतात. जरूर द्या. फक्त देताना मुख्याध्यापकांना विचारा, ही पुस्तकं मुलांच्या हातात कोणत्या वारी जाणार?