तुम्ही विचारलंत म्हणून: मारिओतलं मायनस वर्ल्ड

चवथीला भावंडं गावच्या घरी जमली आणि माळ्यावरचा जुना टीव्ही गेम खाली आला की हा प्रश्न येतोच: "मारिओत ते मायनस वर्ल्ड म्हणतात, ते खरंच आहे का? असलं तर जायचं कसं?"

खरंच आहे, पहिल्या मारिओत गेमच्या चुकीने उघडणारा टप्पा. त्याच्या जोडीने सांगितली जाणारी दुसरी गोष्ट, टप्प्याच्या शेवटच्या झेंड्यावरून उडी मारली की गुप्त राज्य लागतं, ती मात्र निव्वळ थाप. झेंड्यापलीकडे रिकामी जमीन आहे. वेळ संपेपर्यंत धावा आणि मरा, एवढंच.

आधी कॅसेट लागायला हवी. गोव्याच्या पावसाळ्यात तिच्या पिनांवर हिरवट थर धरतो आणि पडदा नुसता करडा किंवा चट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. फुंकर मारू नका. फुंकरीने नव्हे, कॅसेट काढून परत बसवल्याने ती लागते. तोंडाचा ओलावा उलट गंज वाढवतो. आपल्याकडच्या कॅसेटला दोन्ही बाजू मिळून ६० पिना असतात. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच बसवा.

आता वाट. वर्ल्ड १-२ म्हणजे पहिल्या जगाचा दुसरा टप्पा, जमिनीखालचा, निळ्या विटांचा. तिथे मारिओ मोठा असायला हवा, छोट्याला विटा फुटत नाहीत. शेवटी बाहेर पडायचा आडवा पाईप येतो. त्याच्यावर उभं राहून छताच्या विटा फोडायच्या, पण उजवीकडच्या भिंतीला चिकटलेली वीट सोडून तिच्या डावीकडच्या दोन. मग पाईपच्या अगदी डाव्या कडेला या, तोंड डावीकडे करा, खालचं बटण दाबून बसा, बसल्याबसल्या उडी मारा आणि हवेत असताना उजवं बटण दाबून धरा. पाय नेमक्या जागी पडले तर मारिओ उरलेल्या विटेखालून भिंतीत शिरतो आणि भिंत त्याला उजवीकडे ढकलत पलीकडच्या वॉर्प झोनमध्ये, म्हणजे पाईपांतून थेट पुढच्या जगांत नेणाऱ्या खोलीत, सोडते. नाही जमलं तर बहुधा तुम्ही कडेपासून थोडे आत उभे होता किंवा उडी मारताना तोंड उजवीकडे होतं.

पलीकडे पोचल्यावर घाई करायची नाही आणि पुढेही जायचं नाही. पडदा सरकला आणि स्वागताची ओळ दिसली की संपलं; पाईपांवर नेहमीचे ४, ३, २ येतात. ती ओळ यायच्या आत पहिल्या पाईपमध्ये उतरा. पडद्यावर "वर्ल्ड", मग मोकळी जागा, मग "-१" असं येतं. मधल्या पाईपमध्ये शिरलात तर साध्या ५-१ मध्ये जाल.

हे का होतं, तेच खरं गमतीचं. वॉर्प झोनच्या पाईपांसाठी गेममध्ये तीन-तीन आकड्यांचे संच आहेत. पडदा पुरेसा सरकेपर्यंत कुठला संच घ्यायचा ते गेमला ठाऊक नसतं, म्हणून तो ४-२ मधल्या एका वॉर्प झोनचा घेतो. तिथे एकच पाईप आहे, पाचव्या जगाचा, आणि त्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या. मोकळ्या जागेच्या चित्राचा क्रमांक ३६. गेम तो जगाचा आकडा समजतो आणि तुम्हाला ३६-१ मध्ये धाडतो. पडद्यावर छत्तिसावं चित्र म्हणजे कोरी जागा, म्हणून फक्त "-१" दिसतं. उणं तिथे काहीच नाही. अख्खा गेम ४० किलोबाइटचा, त्यात छत्तिसाव्या जगाची माहिती कुठून असणार? यादीच्या पलीकडचं जे हाती लागतं ते वाचलं जातं आणि २-२ सारखं पाण्याखालचं जग उघडतं. त्याच्या शेवटचा पाईप पुन्हा सुरुवातीलाच आणतो. लाइफ संपेपर्यंत पोहत राहायचं.

जपानात १९८६ मध्ये हाच गेम डिस्कवर आला आणि त्यावर डेटाची मांडणी वेगळी पडली. त्यामुळे तिथे उण्या जगाला चक्क तीन टप्पे आहेत. पहिल्यात तर १-३ चा नकाशा पाण्याखाली जातो. तिसरा पार केला की गेम जिंकल्यासारखा संपतो. आपल्याकडच्या कॅसेटवर ही चैन नाही.

आकडा चुकीच्या कप्प्यातून उचलल्याचा याहून भारी नमुना 'टेनिस' या दुसऱ्या गेमच्या कॅसेटचा. गेम ओव्हर झाल्यावर पहिल्या पडद्यावर "ए" दाबून धरून स्टार्ट दाबलं की मेलात त्याच जगापासून खेळता येतं. बऱ्याच जणांना हे आजही ठाऊक नसतं आणि ते दर वेळी १-१ पासून सुरू करतात. तो जगाचा आकडा मेमरीत एका ठिकाणी राहतो, रीसेटने पुसला जात नाही. जपानी पोरांनी वीज चालू ठेवून मारिओ काढला, टेनिस लावलं, रीसेट करून थोडं खेळले, परत मारिओ लावून रीसेट केलं आणि "ए" व स्टार्ट दाबलं. टेनिसमध्ये खेळाडू जितकी पावलं चालला, त्यानुसार नववं, दहावं, वाटेल ते जग उघडायचं. वाचायला ठीक आहे. करू मात्र नका, चालू मशीनमधून कॅसेट ओढली की मशीन किंवा कॅसेट कायमची जाऊ शकते.

लाइफचंही तसंच. ३-१ च्या शेवटच्या पायऱ्यांवरून दोन कासवं उतरतात. त्यातल्या दुसऱ्याच्या कवचावर पायरीला टेकून उड्या मारत राहिलं की लाइफ वाढत जातात. दहाच्या पुढे आकड्याशेजारी मुकुट येतो, मग भलतीच चिन्हं. पण १२८ च्या पलीकडे फार गेलात तर तो आकडा गेमला ऋण वाटतो आणि एकदा मेल्यावर थेट गेम ओव्हर. शंभरच्या आसपास थांबा.

बाकी बारीकसारीक: झेंड्याला हात लागताना वेळेचा शेवटचा आकडा १, ३ किंवा ६ असेल तर तेवढेच फटाके उडतात, प्रत्येकाचे ५०० गुण. ढग आणि झुडपं एकच चित्र आहे, रंग तेवढा बदललेला. किल्ल्यातल्या ड्रॅगनला कुऱ्हाडीऐवजी आगीच्या पाच गोळ्यांनी मारलं तर पहिल्या सात जगांत तो तोतया निघतो, १-४ मध्ये साधा गूम्बा, म्हणजे तो चालणारा तपकिरी शत्रू. खरा फक्त आठव्यात. आणि २-१ मधला लपलेला लाइफचा मश्रूम कधी मिळतो, कधी नाही, याचं कारण नशीब नाही. १-३ मध्ये किमान २१ नाणी घेतलेली असावी लागतात.

१९८८ च्या तिसऱ्या मारिओत नाण्यांचं जहाज आहे, त्यावरही वाद होतात. अटी अशा: टप्पा संपताना नाणी ११ च्या पटीत, समजा २२, गुणांच्या दशकस्थानी तोच आकडा, म्हणजे २, आणि उरलेला वेळ सम. उरलेल्या प्रत्येक सेकंदाचे ५० गुण मिळतात, त्यामुळे वेळ विषम असला तर दशकाचा आकडाच बदलतो. सगळं जुळलं की नकाशावरचा हातोडेवाला जहाज होतो, पण पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या जगातच. म्हणून त्या जगांत हातोडेवाल्याला आधी मारून टाकू नका.