चालत्या मशीनवर ठोकलेली एक्स्पायरी डेट

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत सिक्युरिटी अपडेट बंद केले. इंटरनेट वापराची मोजदाद करणाऱ्या स्टॅटकाउंटरचे आकडे पाहिले तर त्या सुमाराला जगातल्या विंडोज कॉम्प्युटरपैकी साधारण ४० टक्के मशीन अजून विंडोज १० वरच होती. एवढ्या लोकांच्या कामाशी संबंधित बातमी, पण चार दिवस फिरली आणि सगळे परत एआयच्या नव्या मॉडेलांच्या मागे गेले. माझ्या दुकानात ती अजून संपलेली नाही. मी संगमनेरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते. शाळांच्या लॅब, टॅक्सवाल्यांची ऑफिसं, महा ई-सेवा केंद्रं आणि डीटीपीवाले हे माझं मुख्य गिऱ्हाईक. आजही कुणीतरी येऊन विचारतंच, "ताई, सपोर्ट संपला म्हणून मेसेज येतोय. मशीन तर चांगलं चालतंय ना. मग नवीन घ्यायलाच लागणार का?"

मशीन चांगलं चालतंय, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं. म्हणून मला या निर्णयाचा राग येतो.

विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या एका कर्मचाऱ्याने कंपनीच्याच परिषदेत सांगितलं होतं की विंडोजची ही शेवटची आवृत्ती, यापुढे हीच सुधारत जाईल. कंपनीने तेव्हा ते ठामपणे खोडलं नाही आणि आम्ही दुकानदारांनीही गिऱ्हाइकांना तेच सांगितलं. मग जून २०२१ मध्ये विंडोज ११ जाहीर झालं आणि सोबत अटींची यादी आली: टीपीएम २.०, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना बनावट सॉफ्टवेअर रोखणारी सोय), आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा. इंटेलची आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे ज्याने २०१७ च्या दिवाळीला दुकानातून नवाकोरा सातव्या पिढीचा आय-५ घेतला, त्याचं मशीन चार वर्षांत यादीबाहेर गेलं.

टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी चिप. ती असावी, या मताची मीही आहे. पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बहुतेक मशीनमध्ये टीपीएम २.० प्रोसेसरसोबतच येतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन 'पीटीटी' नावाचा पर्याय चालू केला की झालं. तो चालू करूनही मायक्रोसॉफ्टचं तपासणी ॲप प्रोसेसरसमोर लाल फुली दाखवतं. कंपनीचं दुसरं कारण असं की मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या सोयीसाठी नव्या प्रोसेसरमधली एक खास क्षमता लागते. ती क्षमता इंटेलच्या सातव्या पिढीतही आहे, आणि हे मायक्रोसॉफ्टच्याच तांत्रिक कागदपत्रांत लिहिलेलं आहे. तरी सातवी पिढी बाहेर.

सातव्या पिढीतले काही मोजके प्रोसेसर मात्र आत घेतले गेले, त्यातला एक आय-७ ७८२०एचक्यू. ऑगस्ट २०२१ मध्ये, काही मोजक्या मशीनपुरती, त्याला ही सूट जाहीर झाली. हाच प्रोसेसर सरफेस स्टुडिओ २ मध्ये आहे, आणि सरफेस स्टुडिओ २ मायक्रोसॉफ्ट स्वतः बनवून विकत होती. स्वतःच्या महागड्या मशीनसाठी जे जमलं, ते शाळेच्या लॅबमधल्या आय-५ साठी का जमू नये? माझ्या मते या एका सवलतीनंतर सुरक्षेचा युक्तिवाद लंगडा पडला.

त्याच वेळी कंपनीने आकडे दिले होते. अटीत न बसणाऱ्या मशीनवर ब्लू स्क्रीनचं, म्हणजे मशीन अचानक कोलमडून निळा पडदा येण्याचं, प्रमाण ५२ टक्के जास्त आढळलं आणि अटीत बसणाऱ्या मशीनवर ९९.८ टक्के अनुभव क्रॅशविना होता. ५२ टक्के ऐकून माणूस घाबरतो. पण दोन्ही आकडे एकाच मापाचे धरले, तर हजारात दोनच्या जागी तीन क्रॅश झाले, एवढाच त्याचा अर्थ. तेवढ्यासाठी कोट्यवधी मशीन बाद? कॅनालिस या संस्थेचा डिसेंबर २०२३ चा अंदाज असा होता की या निर्णयामुळे सुमारे २४ कोटी पीसी कचऱ्यात जाऊ शकतात.

आता काही जण म्हणतील, अपडेट नाही आले तर नाही आले, वापरत राहा. असं म्हणणाऱ्यांना मी जून २०१७ ची आठवण करून देते. नॉटपेट्या नावाचा व्हायरस २७ जूनला जगभर पसरला, मर्स्क या जहाज वाहतूक कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल अडकलं. कंटेनर हलेनात, बाहेर ट्रकांची कोंडी झाली. तो व्हायरस विंडोजमधल्या ज्या भगदाडाचा फायदा घेत होता, ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच येऊन गेला होता. नॉटपेट्याच्या महिनाभर आधी, मे महिन्यात, वॉनाक्राय या व्हायरसने धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सपोर्ट संपून तीन वर्षं झालेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा अपडेट काढला होता. म्हणजे मनात आणलं तर जुन्यासाठीही अपडेट देता येतो. आणि एक असुरक्षित मशीन फक्त त्याच्या मालकाला बुडवत नाही, ते ज्या नेटवर्कवर आहे तिथल्या सगळ्यांना धोक्यात घालतं. सिक्युरिटी अपडेट म्हणजे नवीन फीचर नव्हे. जोवर एवढे लोक ते सॉफ्टवेअर वापरत आहेत, तोवर ते देणं ही बनवणाऱ्याची जबाबदारी आहे.

जबाबदारीऐवजी काय आलं, तर वर्षभराची विकतची मुदतवाढ. घरगुती मशीनसाठी ३० डॉलर, किंवा सेटिंग्जचा बॅकअप वनड्राइव्हवर ठेवायला तयार असाल तर फुकट, किंवा मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट. युरोपात मात्र युरोकन्झ्युमर्स या ग्राहक संघटनेने आक्षेप घेतला, कंपनीला पत्र लिहिलं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या लोकांना बॅकअपची अट न घालता फुकट मुदतवाढ मिळाली. मायक्रोसॉफ्ट खातं तिथेही लागतं, पण पैसे नाहीत आणि बॅकअपचा सौदा नाही. तोच अपडेट, तेच सर्व्हर. फरक एवढाच की तिथे कुणीतरी मागितलं आणि मागणाऱ्याच्या पाठीशी कायदा होता. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खातं आहे, २०२२ पासून दुरुस्तीच्या हक्काची चर्चा चालू आहे, नवे ई-कचरा नियमही आहेत. पण या प्रश्नावर जाहीरपणे कुणी जोर लावलेला मला दिसला नाही.

ऑफिस आणि शाळा तर घरगुती योजनेत बसतच नाहीत. धंद्याच्या मशीनला पहिल्या वर्षाचा दर ६१ डॉलर, आणि पुढे दरवर्षी दुप्पट. आमच्याकडे रिफर्बिश्ड मशीनची जी किंमत असते, तिच्या निम्म्याच्या आसपास रक्कम फक्त एका वर्षाच्या अपडेटला. शैक्षणिक करार असलेल्या संस्थांना पहिल्या वर्षी एक डॉलर लागतो, हे चांगलंच आहे. पण तालुक्यातल्या अनुदानित शाळेचा कसला करार! लॅब कुणा माजी विद्यार्थ्याच्या देणगीतून नाहीतर आमदार निधीतून उभी राहिलेली असते, आणि विंडोज मशीनसोबत आलेलं तेच.

अशी एक लॅब मी सांभाळते. चौथ्या आणि सहाव्या पिढीची मशीन आहेत, पुण्यातल्या कुठल्यातरी कंपनीने बदलल्यावर रिफर्बिश्ड म्हणून आलेली. कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढायची, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावायची, हार्डडिस्कच्या जागी २४० जीबीची एसएसडी, रॅम चारची आठ. एवढं केलं की दोन मिनिटं घोळत बसणारं मशीन पंधरा-वीस सेकंदांत उभं राहतं. रॅमची पट्टी लॉकमध्ये बसताना होणारा 'टक' आवाज आता तिथल्या नववीच्या मुलींना ओळखू येतो, कारण सुट्टीत त्या माझ्या शेजारी उभ्या राहून बघतात आणि शेवटची दोन-तीन मशीन स्वतः जोडतात. त्यांचे सर मला विचारतात, मॅडम, ही सगळी भंगारात काढायची का? मी सांगते, अजिबात नाही.

भंगारात काढली तर काय होतं तेही मी रोज बघते. कॅबिनेट किलोवर जातं, मदरबोर्ड वेगळा, तांब्याची वायर वेगळी. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात आहे. बाकीचा कुठे जातो हे कुठल्याही भंगारवाल्याला विचारा.

बरं, नवीन घ्या म्हणतात, तर नवीन घ्यायला वेळही कसली निवडली आहे! एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांचा बाजार उचलून नेला. मायक्रॉनसारख्या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा क्रूशियल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. रॅमची जी पट्टी मी डोळे झाकून मागवायची, तिचा भाव आता फोन करून विचारावा लागतो आणि संध्याकाळी तो सकाळचा राहत नाही. या डेटा सेंटरांवर सगळ्यात जास्त पैसा ओतणाऱ्या चार-पाच कंपन्यांत मायक्रोसॉफ्ट आहे. म्हणजे जुनं मशीन बाद ठरवणारी आणि नव्या मशीनची मेमरी महाग करण्यात हात असणारी कंपनी एकच.

विंडोज काढून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका, हा सल्ला मला बरेच जण देतात, आणि जिथे जमतं तिथे मी टाकतेच. झोरिन ओएस या लिनक्सच्याच एका प्रकाराने तर आपली १८ वी आवृत्ती नेमकी १४ ऑक्टोबरलाच काढली. शाळेच्या लॅबला लिनक्स मिंट हा दुसरा प्रकार आणि लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर पुरतं, मुलं चार दिवसांत रुळतात, मराठी युनिकोड टायपिंग चालतं. केरळने तर सरकारी शाळांत वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरच चालवलं आहे. 'काइट' ही त्यांची सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करते आणि शिक्षकांना शिकवते. महाराष्ट्राला हे करता आलं असतं. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचं मुख्यालय पुण्यात आहे आणि बॉस लिनक्स सी-डॅकनेच बनवलं आहे. घरात विहीर असून आपण टँकरची वाट बघत बसलो.

पण धंद्याच्या मशीनवर लिनक्सचा आग्रह मी धरत नाही. ई-सेवा केंद्रावर बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन, त्यांचे ड्रायव्हर, सगळी जोडणी विंडोज धरून केलेली. टॅक्सवाल्यांचं टॅली विंडोजवर. आणि डीटीपीवाल्यांचं तर वेगळंच दुखणं. बसस्टँडजवळ एक काका गेली कित्येक वर्षं लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करतात. पेजमेकर, कोरलड्रॉची जुनी आवृत्ती, श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल. त्यांच्याकडे गावातल्या दोन पिढ्यांच्या पत्रिकांच्या फाइली आहेत आणि त्या युनिकोडमध्ये नाहीत. दुसरीकडे उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. त्यांच्या मशीनची नेटची वायर मी काढून ठेवली, फाइलींची कॉपी दोन वेगळ्या डिस्कवर घेतली, आणि ईमेल-व्हॉट्सॲपसाठी शेजारी मिंट टाकलेलं जुनं मशीन दिलं. पेनड्राइव्ह आधी मिंटवर लावून तपासायचा, मगच इकडे. काका म्हणाले, "चालतंय की." पण हा तोडगा आहे, उपाय नाही.

मोठ्या कंपन्यांना बदलता येत नाही, असं मला वाटत नाही. अमेरिकेत शाळांतल्या क्रोमबुकवरून, म्हणजे गुगलची सिस्टीम असलेल्या लॅपटॉपवरून, ग्राहक संघटनांनी ओरड केली, तेव्हा गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमबुकला दहा वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी आपल्या पिक्सेल ८ या फोनला सात वर्षं दिली. युरोपात जून २०२५ पासून स्मार्टफोनची विक्री बंद झाल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट देणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या सरकारने कॉम्प्युटरसाठी एवढंच करावं: शेवटचं मशीन विकल्यापासून दहा वर्षं सिक्युरिटी अपडेट मोफत, आणि विकताना बॉक्सवर ती तारीख ठळक छापलेली. गिऱ्हाइकाला कळू दे की तो किती वर्षांचं मशीन घेतोय.

तोवर, घरचं मशीन विंडोज १० वर असेल तर आधी आवृत्ती २२एच२ आहे का ते बघा. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर मुदतवाढीची नोंदणी दिसेल. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल हाताशी ठेवा. ही मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली आहे. आणि कुणी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, बदल करून किंवा पेनड्राइव्हची वेगळी पद्धत वापरून विंडोज ११ टाकून देतो म्हणालं, तर ते चालतं, पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती हातानेच टाकावी लागते. कोअर टू ड्युओच्या काळातल्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही. तिथे मिंटच टाका. संगमनेरात असाल तर मशीन दुकानात घेऊन या, फक्त डेटाची एक कॉपी आधी घरी काढून ठेवा.