चंद्राच्या मातीत नवं काय सापडलं?

चंद्राविषयी बोलायला उभा राहिलो की शेवटी हा प्रश्न हमखास येतो: "पृथ्वीवर नाही असं तिथल्या मातीत आणि दगडांत काय सापडलं?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण व्यासपीठावरून दोन मिनिटांत दिलेल्या उत्तराने माझंच समाधान होत नाही.

नवं मूलद्रव्य एकही सापडलेलं नाही. ऑक्सिजन, सिलिकॉन, लोह, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटेनियम, सगळी आपल्या ओळखीची मंडळी. वजनाने चाळीस टक्क्यांहून जास्त भरतो तो ऑक्सिजन, पण खनिजांत घट्ट बांधलेला. हे ऐकून समोरचे चेहरे थोडे उतरतात. चंद्राची खरी गोष्ट मात्र प्रमाणात दडलेली आहे: कुठे काय जास्त आहे, कुठे काय कमी.

1969 मध्ये अपोलो 11 ने आणलेल्या मातीत बहुतेक काळा, टायटेनियमने भरलेला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक, होता. त्यात अधूनमधून पांढरट कण दिसत होते. ते अ‍ॅनॉर्थोसाइट निघाले, म्हणजे जवळपास संपूर्ण प्लॅजिओक्लेज, कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमचं हलकं खनिज. दूरच्या उंच प्रदेशांवर उल्का आदळून ते अपोलो 11 उतरलं त्या जागेपर्यंत उडाले होते. एवढ्याशा कणांवरून शास्त्रज्ञ जॉन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 मध्ये मांडलं की चंद्रावर एकेकाळी वितळलेल्या खडकाचा महासागर होता. हलकं प्लॅजिओक्लेज वर तरंगून त्याचं कवच झालं आणि ऑलिव्हिन, पायरॉक्सिनसारखी जड खनिजं तळाला गेली. या तर्कातलं धाडस मला आजही थक्क करतं.

त्याला बळ दिलं ते युरोपियम नावाच्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्याने, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. या गटातली मूलद्रव्यं सहसा एकत्रच वावरतात. पण मुक्त ऑक्सिजनची टंचाई असलेल्या चंद्रावर युरोपियमचा मोठा भाग वेगळा विद्युतभार घेतो आणि प्लॅजिओक्लेजमध्ये कॅल्शियमच्या जागी सहज बसतो. म्हणून पांढऱ्या खडकांत ते आपल्या भावंडांच्या मानाने जास्त सापडतं. पुढे कोट्यवधी वर्षांनी तळाच्या त्या जड खनिजांतून लाव्हा वर आला, त्याच्या काळ्या बेसॉल्टमध्ये तेच युरोपियम कमी पडलेलं. जमाखर्चाच्या वहीत एका पानावरची तूट दुसऱ्या पानावर जमा दिसावी, तसं. तेही दहा लाख भागांत एखाद-दोन भाग इतक्या अल्प प्रमाणात!

चंद्रयान-3 ने या हिशेबात मोलाची भर घातली. ऑगस्ट 2023 मध्ये प्रज्ञान बग्गीने दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, सुमारे 69 अंश अक्षांशावर, 103 मीटरच्या वाटेत 23 ठिकाणी माती तपासली. थांबायचं, उपकरण जमिनीच्या अगदी जवळ न्यायचं आणि क्युरियम या किरणोत्सारी मूलद्रव्यातून निघणारे अल्फा कण व क्ष-किरण मातीवर सोडायचे. मग प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण परत देतं. ऊर्जेवरून मूलद्रव्य कोणतं ते कळतं, संख्येवरून किती ते. अपोलोच्या उतरण्याच्या जागांपासून इतक्या दूरही माती मुख्यतः अ‍ॅनॉर्थोसाइटचीच निघाली. महासागराच्या कल्पनेला अगदी जुळणारी.

जे तिथे नाही, तेही तितकंच बोलतं. चंद्रावरच्या बेसॉल्टचा 0.03 मिलिमीटर जाडीचा काप मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा कितीतरी वेळ नजर हलली नाही. आपल्याकडच्या जुन्या बेसॉल्टमध्ये ऑलिव्हिनच्या भेगा तपकिरी-हिरवट झालेल्या असतात, पाण्याने खनिज कुजवलेलं असतं. इथे तीन अब्ज वर्षांहून जुन्या स्फटिकांच्या कडा स्वच्छ, कालच गोठल्यासारख्या. गंज नाही, चिकणमाती नाही.

म्हणूनच चंद्र ठार कोरडा, असं अनेक वर्षं मानलं गेलं. 2008 मध्ये शास्त्रज्ञ अल्बेर्तो साल यांच्या गटाने अपोलोनेच आणलेल्या ज्वालामुखीच्या काचेचे बारीक मणी नव्या, अधिक संवेदनशील उपकरणाने तपासले. मण्याच्या गाभ्यात पाण्याचा अंश जास्त, कडेकडे कमी. लाव्हाचे थेंब उडताना पाणी निसटत गेलं, थोडं आत अडकून राहिलं. मणी तेच होते, मोजण्याची ताकद वाढली होती. "पन्नास वर्षं तेच दगड काय तपासता?" असंही कोणी विचारतं, तेव्हा मी हे मणी पुढे करतो. अपोलोचे 382 किलो नमुने जपून वापरले जातात ते याचसाठी. 1972 मध्ये निर्वात अवस्थेत बंद केलेली एक नळी तर 2022 मध्ये उघडली.

आता चीनच्या चांग'अ-6 यानाने जून 2024 मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूची जवळपास दोन किलो माती आणली आहे. महासागर गोठताना अगदी शेवटी उरलेल्या द्रवात पोटॅशियम, फॉस्फरस आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं साचली. आपल्याला दिसणाऱ्या बाजूला त्या द्रवाच्या खुणा ठळक आहेत. पलीकडून आलेल्या बेसॉल्टमध्ये मात्र त्या फारच क्षीण. महासागर सगळीकडे होता, तर त्याचा शेवटचा द्रव एकाच बाजूला का गोळा झाला? मला विचाराल, तर आज चंद्राच्या दगडांना विचारावा असा प्रश्न हा आहे.