सात हिस्से अन् एक रुपया

आमचं नाल्याकडचं वावर रस्त्यात गेलं, खर्चपाणी जाऊन हातात राहिले बरोब्बर दहा लाख. सातबारा आबाजीच्या नावावर, वारस सात, चार भाऊ तीन बहिणी. हिशोबाला ओसरीत सगळे बसले अन् मोबाईल माझ्याकडे, कारण घरात बारावी सायन्स मी एकटाच (दोनदा दिली, पण ते जाऊ द्या).

दहा लाख भागिले सात केलं तर स्क्रीनवर 142857.142857. मला वाटलं फोन हँग झाला, पॉइंटच्या आधी जे तेच नंतर!

काकाजी म्हणे, "काऊन रे, चूप काऊन बसला?"

म्हटलं, एकेकाले एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न, अन् एक रुपया उरते.

"मंग तो कोनाले द्याचा?"

झालं. अर्धा तास त्या रुपयावर गेला, ज्यात आता धड खर्र्याची सुपारी येत नाही.

तेवढ्यात मोठी आत्या म्हणे, माझा हिस्सा लहान्याले द्या, त्याच्यावर कर्ज आहे. त्याचे झाले 2,85,714. मधली म्हणे माझाही, झाले 4,28,571. तिसरी काही बोलली नाही, चहा गाळत राहिली, तिच्या पोराची फी बाकी होती, बरोबरच केलं तिनं. पण माझं ध्यान आकड्यांत, कारण दरवेळी तेच सहा, फक्त सुरुवात दुसऱ्याकडून! मग चारपट 571428, पाचपट 714285, सहापट 857142. सातपट केलं तर सगळे गायब, नुसते 999999.

रात्री वहीत हातानं भागाकार केला तेव्हा कळलं. बाकी उरते 3, मग 2, 6, 4, 5, मग 1, अन् पुन्हा पहिल्यापासून. सातनं भागताना शून्य सोडून सहाच बाक्या उरू शकतात अन् इथं सहाही येऊन जातात, म्हणून कुठूनही सुरू करा, फेरा तोच. खळ्यात मेढीभोवती बैल फिरायचे तसं, कोणता बैल आधी दिसला तेवढाच फरक.

नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत मास्तर होते ते द. रा. कापरेकर, त्यांच्या नावाच्या संख्यांतही हा आकडा बसतो. वर्ग केला तर 20408122449, त्याचे दोन तुकडे पाडा, 20408 अन् 122449, बेरीज पुन्हा 142857. मी तीनदा करून पाह्यलं, फोनवर भरोसा नव्हता. फुटला तरी जुळून येते हा गडी, अन् आमच्या घरात चुली चार.

सकाळी काकाजीनं तो रुपया माझ्या हातात ठेवला, मारुतीच्या पेटीत टाकून ये म्हणे. मी फाटकाशी पोचलो तर मागून मोठी आत्या ओरडली, "सातही जनाइचं नाव घेजो बरं!"