आईला ‘पित्त’ झालं होतं

त्या पहाटे आईला छातीत दुखलंच नाही. जबडा जड झालाय, म्हणाली, आणि पाठ भरून आलीय. ओट्याला हात टेकून उभी होती. साताऱ्यातली जानेवारीची थंडी, आणि तिच्या कपाळावर घामाचे थेंब, ब्लाउज पाठीला चिकटलेला. पित्तच असणार म्हणून मी ओवा-मीठ चघळायला दिलं, बाबांनी सोडा दिला. त्यात आमची 40 मिनिटं गेली. ती मला अजून टोचतात.

शेजारच्या काकूंनी 108 ला फोन करायला लावला. ईसीजी काढल्यावर कळलं, हृदयाची एक रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती, म्हणजे हार्ट अटॅकच. रक्त मिळेना की हृदयाचा स्नायू मरू लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा तयार होत नाही. म्हणून तर दवाखान्यात पोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी आणि 90 मिनिटांत अँजिओप्लास्टी (बंद रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) व्हावी, अशी डॉक्टरांची धडपड असते.

आईला 12 वर्षं मधुमेह आहे. मधुमेहात नसा बधिर होऊ शकतात, मग दुखणं नीट कळतच नाही. बायकांमध्ये तर नुसती मळमळ, दम, जबडा-पाठ दुखणं किंवा कधी नव्हे असा थकवा, एवढंच दिसू शकतं. अशा वेळी माणसाला स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका हो, रुग्णवाहिकाच बोलवा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी लगेच घरी निघू नका. ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते.

आता आमच्या फ्रिजवर 108 मोठ्या आकड्यांत लिहिलंय. ओव्याची बरणी आईनेच वरच्या फळीवर सरकवली.