मुलाखत ठरली आणि मन मागे फिरलं

चिपळूणजवळच्या लोटे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यातून प्रॉडक्शनच्या जागेसाठी बोलावणं आलं. येतो म्हणून कळवलं आणि मग मनात सुरू झालं: चिपळूणची हातातली नोकरी सोडावी का, रात्रपाळी झेपेल का, पगार खरंच वाढतोय का. ‘जाऊ की नको’ एवढंच घोळवत बसलं तर काही सुचत नाही. शंका कागदावर उतरवल्या तेव्हा दिसलं की निम्म्या एका फोनवर मिटणाऱ्या आहेत.

फोनवर एचआरला विचारायचं ते एवढंच: जागा कंपनीच्या पे-रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या, पाळ्या कशा फिरतात, आणि सांगितलेला आकडा सीटीसी (म्हणजे कंपनीला आपल्यावर येणारा एकूण खर्च) आहे की हातात येणारा. मुलाखतीआधी पगाराचं काढणं बरं दिसत नाही, असं घरी सांगतात. मला तरी यात काही वावगं वाटत नाही. पे-रोलच्या प्रश्नावर ‘प्रत्यक्ष भेटीत बोलू’ असं उत्तर आलं, तर मात्र कॉन्ट्रॅक्टर धरूनच चालावं.

आकड्याचं गणित घरीच मांडता येतं. महिना ३०,००० सीटीसी आणि त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, १५,००० धरा. बेसिकवर मालकाचा पीएफचा १२ टक्के वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के, म्हणजे ७२० च्या आसपास, बहुतेक ठिकाणी त्या ३०,००० तच मोजलेले असतात. उरलेल्यातून आपला पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० जातो, फेब्रुवारीत ३००. हातात येतात साधारण २५,५००. कँटीन आणि बसचे पैसे कापत असतील तर त्याहून कमी. आज २४,००० हातात पडत असतील तर ही वाढ दीड हजाराची. वर्षाचा बोनसही सीटीसीत घातला असेल, तर तेवढीही नाही.

पाळीचं उत्तर ऐकताना रस्ता डोळ्यापुढे ठेवावा. चिपळूणहून लोट्याला जाताना मध्ये परशुराम घाट आहे, आणि पावसाळ्यात तिथे दरडीची धास्ती असते. जनरल शिफ्टला कंपनीची बस असते म्हणून खूश होऊ नये. रात्री अकराच्या पाळीला आहे का, ते विचारावं. नसेल तर जुलैत तो घाट मोटारसायकलने चढायचा आहे.

एवढं समजल्यावरही ज्या शंका राहतात, त्या तिथे गेल्याशिवाय फिटत नाहीत. मुलाखतीला गेलं म्हणजे नोकरी घेतली असं नव्हे, म्हणून जायचं ठरवलं. पाळी सुटायच्या वेळेला गेटवर पोचलं की बरंच दिसतं: कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांच्या पायात सेफ्टी शूज आहेत की चपला. ‘प्लांट बघता येईल का?’ असं विचारावं. आत नेलं तर सेफ्टी शॉवरकडे, म्हणजे अंगावर केमिकल उडालं तर लगेच धुवायच्या फवाऱ्याकडे, बघावं. त्याच्याखाली रिकामे ड्रम रचलेले असतील, तर अंगावर ॲसिड उडालेल्या माणसाने आधी ते ड्रम हलवायचे का? गणपतीच्या सुट्टीचं शेवटी काढावं, तेही ‘गेल्या वर्षी रोस्टर कसं लावलं होतं?’ असं. सगळ्यांनाच त्याच दिवसांत घरी जायचं असतं आणि प्लांट तर बंद ठेवता येत नाही. मूळ प्रमाणपत्रं दाखवावीत, ठेवून घेऊ देऊ नयेत.

जायचंच नाही असं ठरलं, तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत फोन करावा आणि मागोमाग दोन ओळींचा मेल टाकावा: ‘उद्याच्या मुलाखतीला येत नाही. पाळीची वेळ मला जमणारी नाही. जागा दुसऱ्या उमेदवाराला देता यावी म्हणून आजच कळवत आहे.’ आजी वारल्याचं कारण देऊ नये. खरं-खोटं करायला इथे एक फोन पुरतो. न कळवता दांडी मारणं तर त्याहून वाईट, कारण वसाहतीतले एचआरवाले एकमेकांना ओळखतात.

आणि निवड झालीच, तर लेखी ऑफर हातात येऊन मेडिकल पार पडेपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा देऊ नये. मेडिकलमध्ये काही निघालं आणि ऑफर मागे गेली, तर दोन्हीकडून हात रिकामे.